बँक बुडायला लागली की पक्ष कुठं उभे राहतात? सरकारी बेलआउटबद्दल सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एखाद्या ठेवी घेणाऱ्या सोसायटीच्या शटरवर नोटीस चिकटली की आठवडाभर दुसरा विषय नसतो. आणि बोलणं शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतं: मोठ्यांना सरकार वाचवतं, मग आम्हाला का नाही? माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे झाली, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक हे प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. उत्तर देताना मला दर वेळी 2008 च्या अमेरिकेपासून सुरुवात करावी लागते. बेलआउट म्हणजे बुडत्या संस्थेला सरकारने पैसा देऊन सावरणं. अशी सरकारी मदत आणि पक्षीय राजकारण यांची इतकी उघड, मतांच्या आकड्यांसकट नोंदलेली झटापट दुसरीकडे सहसा सापडत नाही. म्हणून आधी तिथलं, मग आपलं.

2008 मध्ये अमेरिकेत असं काय झालं की सरकारला बँकांच्या मदतीला धावावं लागलं?

ज्यांना हप्ता झेपणार नव्हता अशांनाही घरकर्जं वाटली गेली होती. ती कर्जं एकत्र बांधून त्यांचे रोखे केले गेले आणि ते जगभर विकले गेले. घरांच्या किमती उतरायला लागल्या तसं कुणाच्या तिजोरीत किती बुडीत माल आहे हे कुणालाच कळेना. मार्चमध्ये बेअर स्टर्न्स ही कंपनी घाईघाईने विकावी लागली. 7 सप्टेंबरला फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या घरकर्जाच्या दोन अवाढव्य संस्था सरकारने ताब्यात घेतल्या. 15 सप्टेंबरला 158 वर्षांची लेहमन ब्रदर्स दिवाळखोरीत गेली. तिला सरकारने वाचवलं नाही. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला मात्र फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, 85 अब्ज डॉलरचा आधार दिला. एकीला बुडू द्यायचं आणि दुसरीला तारायचं, हा भेद कशावरून केला, हे लोकांना कधीच नीट पटलं नाही. राजकारणाला खरी धार तिथूनच आली.

सामान्य ठेवीदाराने मात्र त्याच 16 सप्टेंबरची आणखी एक घटना लक्षात ठेवावी. रिझर्व्ह प्रायमरी फंड नावाचा एक फंड होता. लोक त्यात बचत खात्यासारखे पैसे ठेवत आणि एक डॉलर ठेवला की एक डॉलर परत मिळणारच असं गृहीत धरत. त्या फंडाकडे लेहमनचे रोखे होते. त्या दिवशी त्याच्या डॉलरची किंमत 97 सेंटवर आली. तीन सेंटच कमी झाले, पण जे सुरक्षित समजत होतो तेही सुरक्षित नाही हे कळल्यावर सगळीकडे पैसे काढायची रीघ लागली. कंपन्यांना पगारापुरतं अल्पमुदतीचं कर्ज मिळेना. सरकार घाबरलं ते याला.

सरकारने मागितलं काय होतं?

700 अब्ज डॉलर. तेव्हाच्या दराने 30 लाख कोटी रुपयांच्या वर, म्हणजे आपल्या देशाच्या त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या चौपटीहून जास्त. अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी पाठवलेला पहिला मसुदा होता अवघ्या तीन पानांचा. त्यातल्या आठव्या कलमात म्हटलं होतं की अर्थमंत्र्यांच्या निर्णयाला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही. पॉल्सन स्वतः आधी गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेचे प्रमुख होते. बँकांमधून आलेला मंत्री, बँकांसाठी एवढी रक्कम आणि वर कोर्टाचा दरवाजा बंद: डाव्यांना हे पटेना आणि उजव्यांनाही पटेना. माझ्या मते ते तीन पानी पत्रक हीच पहिली मोठी चूक होती. संकटात घाई समजू शकते, पण हिशोब विचारायचा नाही अशी अट लोकशाहीत कुणी मान्य करू नये, पक्ष कुठलाही असो.

विधेयक पहिल्या वेळी पडलं कसं? राष्ट्राध्यक्ष तर त्यांचेच होते ना?

हा प्रश्न जास्त विचारला जातो आणि तो बरोबर आहे. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश रिपब्लिकन पक्षाचे. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत बहुमत डेमोक्रॅट पक्षाचं. (काँग्रेस म्हणजे इथं त्यांची संसद, आपला पक्ष नव्हे. तिची दोन सभागृहं: प्रतिनिधिगृह आणि सिनेट.) 4 नोव्हेंबरला निवडणूक, तीही राष्ट्राध्यक्षपदाबरोबर प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या 435 जागांची. म्हणजे मतदानाला जेमतेम पाच आठवडे उरलेले असताना प्रत्येक खासदाराने मतदारसंघात जाऊन सांगायचं होतं की मी वॉल स्ट्रीटला, म्हणजे बड्या बँकांना, 700 अब्ज देऊन आलो.

29 सप्टेंबरला प्रतिनिधिगृहात मतदान झालं. बाजूने 205, विरोधात 228. आत डोकावलं की खरी गंमत नाही, खरी गोष्ट दिसते: डेमोक्रॅट 140 बाजूने आणि 95 विरोधात, रिपब्लिकन 65 बाजूने आणि तब्बल 133 विरोधात. स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाच्या विधेयकाला त्यांच्याच पक्षातल्या दोन तृतीयांश खासदारांनी पाडलं. मतदान सुरू असतानाच शेअर बाजाराचे आकडे घसरत होते. दिवसअखेर डाऊ जोन्स हा तिथला निर्देशांक 777 अंकांनी कोसळला. एका दिवसातली तोवरची ती सगळ्यात मोठी अंकांची घसरण.

विरोधाची कारणं दोन्हीकडे वेगळी होती. रिपब्लिकनांमधल्या अनेकांचं म्हणणं असं की सरकारने बाजारात हात घालणंच चूक. जो चुकला त्याने बुडावं. डेमोक्रॅटांमधल्या विरोधकांचं म्हणणं असं की बँकांना पैसा देताय, पण ज्यांची घरं जप्त होतायत त्यांचं काय? दोन्ही म्हणणी प्रामाणिक होती. पण तेवढ्याने ते विधेयक पडलं नाही. ज्यांच्या जागा धोक्यात होत्या त्यांच्यापैकी बहुतेकांनी विरोधात मत दिलं, आणि जे निवृत्त होणार होते ते जवळपास सगळे बाजूने गेले. खासदारांच्या कार्यालयांत विरोधाच्या फोनांचा आणि ईमेलचा मारा इतका झाला की सभागृहाची वेबसाइट मंदावली.

विधेयक पडल्यावर रिपब्लिकन नेत्यांनी सांगितलं की सभापती नॅन्सी पेलोसी यांनी मतदानाआधी बुश सरकारवर टीका करणारं भाषण केलं, म्हणून आमची माणसं बिथरली. डेमोक्रॅटांनी उलट विचारलं, भावना दुखावल्या म्हणून देशाला शिक्षा करायची का? आपल्याकडच्या अधिवेशनाच्या बातम्या वाचणाऱ्यांना हा सवाल-जवाब ओळखीचा वाटेल.

मग चार दिवसांत मतं कशी फिरली?

भीतीने, आणि थोड्या देवाणघेवाणीने. 1 ऑक्टोबरला सिनेटने सुधारित विधेयक 74 विरुद्ध 25 असं मंजूर केलं. त्यात ठेव विम्याची मर्यादा 1 लाख डॉलरवरून 2.5 लाख डॉलर केली. सामान्य माणसाच्या दृष्टीने अख्ख्या विधेयकातली सगळ्यात चांगली तरतूद हीच, असं मी म्हणेन. पण त्याच पोटात करसवलतींची लांबलचक यादीही घुसली. मुलांच्या खेळण्यातल्या लाकडी बाणांवरच्या करातून सूट, हे कलमसुद्धा देशाची अर्थव्यवस्था वाचवायच्या कायद्यात आलं. मतं गोळा करायची तर प्रत्येकाला आपल्या मतदारसंघासाठी काहीतरी हवं असतं.

3 ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहाने ते 263 विरुद्ध 171 असं मंजूर केलं आणि बुश यांनी त्याच दिवशी सही केली. डेमोक्रॅटांची मतं 140 वरून 172 वर गेली, रिपब्लिकनांची 65 वरून 91 वर. नागरी हक्क चळवळीतले जुने नेते जॉन लुईस यांनी पहिल्या वेळी विरोधात मत दिलं होतं, दुसऱ्या वेळी बाजूने. तरीही लक्षात घ्या, या दुसऱ्या मतदानातही रिपब्लिकनांचं बहुमत, 108 जण, विरोधातच राहिलं.

ओबामा आणि मॅकेन यांची भूमिका काय होती?

डेमोक्रॅट ओबामा आणि रिपब्लिकन मॅकेन हे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि दोघेही तेव्हा सिनेटर. दोघांनीही सिनेटमध्ये बाजूने मत दिलं. मॅकेन यांनी 24 सप्टेंबरला प्रचार थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि ते वॉशिंग्टनला आले. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसमध्ये बुश यांनी दोन्ही उमेदवारांसह सगळ्या नेत्यांना बोलावलं. ती बैठक भांडणात संपली. बैठकीनंतर पॉल्सन यांनी पेलोसींपुढे अक्षरशः गुडघा टेकून, हा करार मोडू देऊ नका अशी विनवणी केली, असं तेव्हाच्या वृत्तांतांत आलं. रिपब्लिकन मंत्री डेमोक्रॅट सभापतीपुढे गुडघ्यावर, कारण त्याच्या स्वतःच्या पक्षाची मतं त्याच्या हातात नव्हती.

तो पैसा बुडाला की परत आला?

बँकांना दिलेला आला. मूळ बेत बुडीत रोखे विकत घेण्याचा होता. प्रत्यक्षात 14 ऑक्टोबरला सरकारने बेत बदलून थेट बँकांचे शेअर घ्यायचं ठरवलं. बँकांत सुमारे 245 अब्ज डॉलर घातले आणि त्यांच्याकडून सुमारे 275 अब्ज परत मिळाले. मोटार कंपन्यांच्या बाबतीत तोटा झाला, एकट्या जनरल मोटर्समध्ये सुमारे 11 अब्ज. 700 अब्जांची मर्यादा 2010 च्या कायद्याने 475 अब्जांवर आणली गेली. प्रत्यक्षात सुमारे 443 अब्ज वाटले, आणि सगळा जमाखर्च मांडून त्यांच्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने निव्वळ खर्च सुमारे 31 अब्ज धरला.

पैसा परत आला, तर लोक एवढे का चिडले?

कारण माणसाला फक्त बेरीज-वजाबाकी दिसत नाही, वागणूकही दिसते. मार्च 2009 मध्ये बातमी आली की सरकारच्या पैशावर उभ्या असलेल्या एआयजीने आपल्या लोकांना 165 दशलक्ष डॉलरचे बोनस दिले, आणि त्यातले बरेचसे त्याच विभागाला, ज्याने कंपनी बुडवली होती. प्रतिनिधिगृहाने चिडून अशा बोनसवर 90 टक्के कर लावणारं विधेयक 328 विरुद्ध 93 मतांनी मंजूर केलं. ते सिनेटमध्ये पुढे सरकलं नाही. दुसरीकडे घरं वाचवण्याची योजना आली तिचं उद्दिष्ट 30 ते 40 लाख कुटुंबांचं होतं. ती त्या आकड्याच्या बरीच मागे राहिली. बँकेला काही दिवसांत भांडवल मिळालं आणि घरमालक कागदपत्रं परत परत पाठवत राहिला.

मला विचाराल तर बँकांना आधार देणं गरजेचं होतं. लेहमननंतरचे दोन आठवडे पाहिले की तो आधार नसता तर काय झालं असतं याची कल्पना येते. पण मदतीसोबत व्यवस्थापनावर कडक अटी आणि कर्जदारांना तितक्याच तातडीने दिलासा हे दोन्ही जोडता आलं असतं. ते झालं नाही, आणि ते राजकीय अपयश दोन्ही पक्षांचं आहे.

या रागातून उजवीकडे टी पार्टी चळवळ उभी राहिली, डावीकडे सप्टेंबर 2011 मध्ये ऑक्युपाय वॉल स्ट्रीट. युटाचे रिपब्लिकन सिनेटर बॉब बेनेट यांनी बाजूने मत दिलं होतं. मे 2010 मध्ये त्यांच्याच पक्षाच्या मेळाव्याने त्यांना उमेदवारी नाकारली.

अपश्रेय कुणाच्या माथी गेलं?

ओबामांच्या, मोठ्या प्रमाणात. कायदा बुश यांच्या सहीने झाला. मोटार कंपन्यांना 17.4 अब्ज डॉलरचा पहिला हप्ताही बुश यांनीच 19 डिसेंबर 2008 ला जाहीर केला, तोही सिनेटमध्ये वेगळं विधेयक अडल्यावर याच निधीतून. तरी 2010 मध्ये प्यू या सर्वेक्षण संस्थेने विचारलं तेव्हा जवळपास निम्म्या लोकांनी बँकांची मदत ओबामांनी आणली असं सांगितलं. बुश यांचं नाव घेणारे एक तृतीयांशच होते. रिपब्लिकन सिनेटरांपैकी 34 जणांनी ऑक्टोबरमध्ये हो म्हटलं होतं. जानेवारी 2009 मध्ये, सत्तांतर तोंडावर असताना, निधीचा दुसरा अर्धा भाग सोडायचा प्रश्न आला तेव्हा होकार देणारे त्यांच्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. निधी तोच होता, कायदाही तोच. खर्च करणारा बदलणार होता, एवढंच.

तेव्हा भारतात, आणि आपल्या बेळगावात, काय चाललं होतं?

आपल्याकडे बँका बुडायची वेळ आली नाही. आयसीआयसीआय बँकेबद्दल अफवा पसरून एटीएमपुढे रांगा लागल्या तेव्हा 30 सप्टेंबर 2008 ला रिझर्व्ह बँकेला बँक सुरक्षित असल्याचं जाहीर निवेदन काढावं लागलं. बँकांनी राखून ठेवायच्या रोखीचं प्रमाण 9 टक्क्यांवरून जानेवारीपर्यंत 5 टक्क्यांवर आणलं, रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो रेपो दर एप्रिल 2009 पर्यंत 9 वरून 4.75 टक्क्यांवर. डिसेंबरमध्ये उत्पादन शुल्कात 4 टक्क्यांची कपात झाली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको: मोटारींच्या सुट्या भागांची कास्टिंग करणाऱ्याच्या ऑर्डरी मोटारींच्या खपावर चालतात.

शेतकऱ्यांची कर्जमाफी हेसुद्धा बेलआउटच नाही का?

आहे. लाभार्थी गरीब आहे म्हणून तिचं स्वरूप बदलत नाही, आणि बँकेचा फायदाही त्यात असतोच, कारण थकलेलं कर्ज सरकार भरतं. 29 फेब्रुवारी 2008 च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी 60,000 कोटींची कर्जमाफी जाहीर केली, पुढे तो आकडा 71,680 कोटींवर गेला. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, त्यावरच्याला 75 टक्के भरल्यास 25 टक्के सूट. पुढच्याच वर्षी निवडणूक होती. 2013 मध्ये महालेखापालांच्या अहवालात अपात्रांना लाभ आणि पात्र वगळले गेल्याच्या बऱ्याच नोंदी आल्या.

सावकाराकडून कर्ज काढलेल्याला मात्र त्यात काहीच नव्हतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यातला कोरडवाहू शेतकरी बँकेपर्यंत पोचलेलाच नसतो, तर बँकेचं कर्ज माफ होऊन त्याला काय मिळणार?

शिनोळीला एक माफी आणि कुद्रेमनीला दुसरी, असं का?

कारण माफी राज्य देतं, आणि मधून राज्याची हद्द जाते. चंदगड तालुक्यातल्या शिनोळीचा शेतकरी आणि बेळगाव तालुक्यातल्या कुद्रेमनीचा शेतकरी एकाच बाजारात माल आणतात, पण त्यांच्या कर्जाचा निर्णय एकाचा मुंबईत आणि दुसऱ्याचा बेंगळुरात होतो.

ही दोन राज्यं शेजारी ठेवून पाहिली की पक्षांचं वागणं स्वच्छ दिसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. महाराष्ट्रात 2017 मध्ये भाजपच्या नेतृत्वाखालचं सरकार होतं. मार्चमध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या आमदारांनी कर्जमाफीसाठी विधानसभेत गोंधळ घातला, 19 आमदार निलंबित झाले, मग विरोधकांनी संघर्ष यात्रा काढली. सरकारची भूमिका होती की सरसकट माफी हा उपाय नाही. 1 जूनला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि त्याच महिन्यात फडणवीस सरकारने 34,022 कोटींची योजना जाहीर केली, दीड लाखापर्यंतची.

आता आपल्या बाजूला या. 2017 मध्ये इथं सिद्धरामय्यांचं काँग्रेस सरकार होतं आणि माफीची मागणी भाजप करत होता. जून 2017 मध्ये सहकारी संस्थांच्या पीककर्जात शेतकऱ्यामागे 50,000 रुपयांपर्यंतची माफी झाली, 8,165 कोटींची. 2018 च्या निवडणुकीत कर्जमाफी हा मोठा मुद्दा होता. 5 जुलै 2018 ला कुमारस्वामी यांनी जेडीएस-काँग्रेस सरकारच्या अर्थसंकल्पात सुमारे 34,000 कोटींची, कुटुंबाला 2 लाखांपर्यंतची माफी आणली, आणि भाजपने ती अपुरी म्हणून टीका केली. महाराष्ट्रात काँग्रेस रस्त्यावर होती, ती इथं सत्तेत होती, तिथं सत्तेत होता तो पक्ष इथं रस्त्यावर होता. आकडाही दोन्हीकडे जवळपास तोच. डिसेंबर 2019 मध्ये ठाकरे सरकारने महाराष्ट्रात पुन्हा 2 लाखांपर्यंतची योजना आणली आणि बाजू परत फिरल्या.

सीमेवरच्या माणसाचा त्रास यापेक्षा साधा आहे. कागद कन्नडमध्ये येतो. यादीत नाव का नाही हे विचारायला गेलं की आधार, रेशन कार्ड आणि सातबाऱ्याच्या जागी इथला आरटीसी उतारा, यांतल्या नावाच्या स्पेलिंगपासून सुरुवात होते. मराठी आडनाव कन्नडमध्ये एका कार्डावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं. 2018 पासून महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार कर्नाटक विधानसभेत नाही, त्यामुळे हा प्रश्न मांडायचा तर राष्ट्रीय पक्षांच्याच आमदारांमार्फत मांडावा लागतो. सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन आपल्या दारात भरतं. निवेदन द्यायचं तर तेव्हा, मराठी आणि कन्नड दोन्हींत, पोच घेऊन द्यावं.

येस बँक वाचवली, त्यात राजकारण काय झालं?

5 मार्च 2020 ला बँकेवर निर्बंध आले, खातेदाराला 50,000 रुपयेच काढता येणार होते. स्टेट बँकेने 6,050 कोटी घातले, इतर बँका मिळून सुमारे 10,000 कोटी जमले आणि 18 मार्चला निर्बंध उठले. दोन आठवड्यांच्या आत ठेवीदार मोकळा झाला, हे चांगलंच झालं.

राजकीय वाद मात्र कर्जं कधीची यावर झाला. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं की अडचणीतली मोठी कर्जं 2014 च्या आधीची. विरोधातल्या काँग्रेसचे चिदंबरम यांनी आकडे काढले: बँकेची एकूण कर्जं 2014 मध्ये सुमारे 55,000 कोटी होती, ती 2019 मध्ये 2.41 लाख कोटींच्या घरात कशी गेली? दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं वर्ष धरलं. रिझर्व्ह बँकेची देखरेख त्या सगळ्या काळात कुठं होती, या मधल्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. आणि बँकेचे 8,415 कोटींचे विशेष रोखे शून्य करण्यात आले. ते मुदत ठेवीसारखेच समजून घेतलेले ज्येष्ठ नागरिक त्यात होते. ते प्रकरण कोर्टात गेलं.

मग पीएमसी बँकेला तीच वागणूक का मिळाली नाही?

सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती. कर्जातला 70 टक्क्यांहून जास्त भाग एकाच बांधकाम समूहात अडकला होता. महाराष्ट्रात विधानसभा निवडणूक चालू होती. अर्थमंत्री मुंबईत भाजप कार्यालयात आल्या तेव्हा ठेवीदारांनी तिथं निदर्शनं केली. आश्वासनं मिळाली, पण बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन व्हायला जानेवारी 2022 उजाडलं. 5 लाखांवरची रक्कम टप्प्याटप्प्याने, काहींना दहा वर्षांपर्यंत थांबून, अशी ठरली.

सरकारचं तांत्रिक उत्तर असं की येस बँक मोठी, तिच्या बुडण्याने इतर बँका हलल्या असत्या. उत्तर खोटं नाही. पण अडकलेल्या ठेवीदाराला बँकेच्या आकारावरून दोन आठवडे किंवा सव्वादोन वर्षं असा न्याय मिळणं मला आजही पटत नाही. एक चांगली गोष्ट या सगळ्यातून झाली: 1993 पासून 1 लाखावर अडकलेला ठेव विमा 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख झाला, आणि 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत तो मिळायची तरतूद झाली.

तात्या, आमची सोसायटी पण गव्हर्मेंट वाचवणार काय?

वडगावातल्या एका विणकर अक्कांनी मला असंच विचारलं. रोज संध्याकाळी पिग्मीवाला दारात यायचा, त्या 50 रुपये द्यायच्या, तो गळ्यातल्या मशीनमधून चिठ्ठी फाडून द्यायचा. त्या चिठ्ठ्या त्यांनी रबर लावून साडीच्या खोक्यात ठेवल्या होत्या. शाई उडून निम्म्या कोऱ्या झाल्या होत्या.

उत्तर कडू आहे. पाच लाखांचा विमा बँकांना असतो, सहकारी बँकांनाही असतो. पतसंस्थेला, सौहार्द सोसायटीला (कर्नाटकच्या वेगळ्या सहकार कायद्याखालची), मल्टिस्टेट सोसायटीला (एकापेक्षा जास्त राज्यांत चालणारी) तो नसतो. नावात काहीही असो, पाटी कितीही मोठी असो. सोसायटी बुडाली तर सरकारवर भरपाईचं कायदेशीर बंधन नाही. पैसा येतो तो कर्जवसुलीतून आणि संचालकांच्या मालमत्तेतून, आणि त्याला वर्षं लागतात.

इथं राजकारण अमेरिकेहून जास्त जवळचं असतं. संचालक मंडळात आणि मोठ्या कर्जदारांत स्थानिक नेत्यांची माणसं असतात, बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त पक्षांची. म्हणून सोसायटी अडली की भाषणं जोरात होतात आणि थकबाकीदारांची यादी मागितली की सगळे गप्प होतात. ठेवीदारांनी त्या यादीवरच अडून बसावं. 

सोसायटीविरुद्ध तक्रार नेमकी कुठं करायची?

आधी नोंदणी कुठल्या कायद्याखाली आहे ते पावतीवर बघा. कर्नाटक सहकारी संस्था कायदा 1959 असेल तर जिल्ह्याच्या सहकार उपनिबंधकांकडे. सौहार्द कायदा 1997 असेल तरी सहकार खात्याकडेच, पण कलमं वेगळी लागतात. मल्टिस्टेट असेल तर नियंत्रण दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांचं, आणि 2023 च्या दुरुस्तीनंतर सहकार लोकपालाकडे दाद मागायची सोय आहे. फसवणूक असेल तर पोलिसांत फिर्याद द्या आणि कर्नाटकच्या 2004 च्या ठेवीदार हितरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्तीची मागणी लेखी करा. महाराष्ट्राचा तसाच कायदा 1999 चा आहे. कोल्हापूरच्या ओळखीच्या वकिलाने त्याचं कलम सांगितलं तर ते इथं चालणार नाही.

माझ्या सहकारी बँकेत 8 लाख आहेत. काय करू?

विमा एका बँकेत एका व्यक्तीला व्याजासह 5 लाखांपर्यंत. त्याच बँकेच्या शहापूर आणि टिळकवाडी शाखेत वेगवेगळ्या ठेवी असल्या तरी त्या एकत्रच धरतात. म्हणून 3 लाखांहून थोडे जास्तच दुसऱ्या बँकेत ठेवा, म्हणजे इथलं व्याजही मर्यादेत बसेल. संयुक्त खातं वेगळं धरलं जातं, पण नावांचा क्रम बँकेत विचारून घ्या. ठेव विमा महामंडळाच्या वेबसाइटवर विमा असलेल्या बँकांची यादी आहे. आपल्या बँकेचं नाव तिथं पाहून घ्या आणि पिग्मीच्या चिठ्ठ्यांची झेरॉक्स शाई उडायच्या आत काढून ठेवा.